शालिवाहनाची आई कुठे गेली?

गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या साखरखेर्ड्यात फलक लागतात. शब्द दरवर्षी थोडेफार बदलतात, आशय बदलत नाही. कुंभारपुत्र शालिवाहनाने मातीच्या सैन्यात प्राण फुंकले, परकीय शकांचे निर्दालन केले आणि त्या विजयाप्रीत्यर्थ शालिवाहन शक सुरू केला. मागे एका विद्यार्थिनीने लोकसाहित्याच्या उत्तरपत्रिकेत हाच मजकूर जवळजवळ शब्दशः उतरवला होता. प्रश्न दहा गुणांचा होता. तिला किती गुण द्यावेत हे मला दोन दिवस ठरवता आले नाही. हा लेख त्या पेचातून निघाला आहे.

हा मजकूर इतिहास नव्हे, असे सांगणारे पुष्कळ आहेत. माझी तक्रार निराळी आहे. ही दंतकथाही नव्हे. दंतकथेचे हातपाय तोडून आणि इतिहासाची फक्त टोपी तिच्या डोक्यावर ठेवून केलेले ते एक बुजगावणे आहे.

इतिहासाचा भाग लवकर सांगून होतो. सातवाहनांनी कोणताही संवत्सर चालवला नाही. त्यांचे लेख त्या त्या राजाच्या राज्यवर्षांत मोजलेले आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीचे नाशिकचे लेख त्याच्या अठराव्या आणि चोविसाव्या वर्षाचे आहेत. इ.स. ७८ पासूनची गणना सलगपणे दिसते ती चष्टनाच्या घराण्यात, म्हणजे खुद्द शक क्षत्रपांत. कच्छमधील अंधौच्या लेखांवर वर्ष ५२ आहे, म्हणजे इ.स. १३०. पुढे बदामीच्या गुहेत चालुक्य मंगलेशाच्या लेखात पाचशे वर्षे मोजली आहेत ती शकराजाच्या राज्याभिषेकापासून. तो लेख कोरणाऱ्याला आपण कोणाचे वर्ष मोजतो आहोत हे नीट ठाऊक होते. या गणनेला शालिवाहनाचे नाव चिकटले ते तेराव्या शतकात, म्हणजे अकराशे वर्षांनंतर.

तात्पर्य, शकांवरील विजयाचे स्मारक म्हणून आपण ज्या कालगणनेची गुढी उभारतो, ती एका शकाच्या अभिषेकापासून मोजली जाते. यात लाजण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. 'शक' हा शब्द मराठीत इतका मुरला, की १६७४ साली शिवछत्रपतींनी स्वतःची गणना सुरू केली तेव्हा तीही 'राज्याभिषेक शक' झाली, आणि महाराज 'शककर्ते' झाले. ज्यांना भाषेतून परके वेचून काढायचे आहेत त्यांनी सुरुवात येथून करावी. आम्ही गंमत पाहत बसू.

आमच्या एका सहकाऱ्यांचा उपाय सोपा आहे. कथाच टाकून द्या, ते म्हणतात. सातकर्णी शिकवा, शालिवाहन कशाला? त्यांचे नि माझे येथे जमत नाही. आद्य राजांच्या खोट्या कथा जगात सर्वत्र आहेत. त्यांचे काय करावे, हे पाहायला रोमइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

रोमचे आद्य राजे सात. परंपरेने नगरस्थापना इ.स.पूर्व ७५३ ची आणि शेवटच्या तार्क्विनची हकालपट्टी ५०९ ची. सात राजांत दोनशे चव्वेचाळीस वर्षे, म्हणजे सरासरी पस्तीस. आणि त्यांतले बरेचसे मारले गेलेले. एवढा दीर्घ कारभार कोणत्याही घराण्यात सहसा घडत नाही, हे न्यूटननेही दाखवले होते. रोम्युलसचा बाप युद्धदेव मंगळ, आई कौमार्यव्रत घेतलेली पुजारीण, दाई लांडगी. खुद्द लिव्ही आपल्या इतिहासाच्या आरंभीच सांगून टाकतो, की या गोष्टी मी खऱ्याही म्हणणार नाही आणि खोट्याही ठरवणार नाही. पण त्याने त्या गाळल्या नाहीत. रोम्युलसने सख्ख्या भावाला मारले, हे ठेवले. नव्या गावात वस्ती व्हावी म्हणून त्याने पळपुट्यांना आणि गुलामांना आसरा दिला, हे ठेवले. 'लांडगी' या शब्दाचा लॅटिनमध्ये दुसरा अर्थ वेश्या असा होतो आणि काहींच्या मते मुलांना पाजणारी तशीच कोणी बाई असावी, ही कुजबूजही ठेवली. दुसरा राजा नुमा सबाइन लोकांतला, पाचवा तार्क्विन एत्रुस्कन गावातून आलेल्या ग्रीक निर्वासिताचा मुलगा, सहावा सर्व्हियस तुलियस तर नावातच दास्य वागवणारा, बटकीचा पोर.

आणि या गोष्टींचा उपयोग झाला. इ.स. ४८ मध्ये गॉल प्रांतातील सरदारांना सिनेटमध्ये घ्यावे की नाही यावर वाद पेटला, तेव्हा सम्राट क्लॉडियसने भाषणात हेच राजे पुढे केले. आपले राजेच बाहेरून आले होते. सर्व्हियसला तर एत्रुस्कन लोक मास्तार्ना म्हणतात, असा त्याचा युक्तिवाद. ते भाषण कोरलेला कांस्याचा पत्रा १५२८ साली लियाँला सापडला. पुढे १८५७ मध्ये वुल्चीच्या एका थडग्यात भिंतीवरच्या चित्रात मास्तार्ना हे नाव लिहिलेले मिळाले. ज्या दंतकथेत अडचणीचे तपशील शाबूत राहतात, ती कधीतरी दार उघडायला उपयोगी पडते. घासूनपुसून लख्ख केलेली नाही.

आता आपली कथा घ्या. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात पैठणची हकीकत नोंदवली आहे. दोन परदेशी ब्राह्मण भाऊ आपल्या विधवा बहिणीसह पैठणला येतात आणि एका कुंभाराच्या घरी राहतात. ती गोदावरीवर पाण्याला जाते. तिथे नागराज शेष तिच्यावर भाळतो. तिला दिवस गेल्याचे दिसताच भाऊ एकमेकांवर संशय घेतात आणि निघून जातात. ती परघरची कामे करून मुलाला वाढवते. मुलगा मातीचे हत्ती, घोडे करून सवंगड्यांना वाटतो आणि देण्याच्या या गुणावरून लोक त्याला सातवाहन म्हणू लागतात. व्युत्पत्ती अर्थातच खोटी. 'कथासरित्सागरा'त तर निराळीच खोटी व्युत्पत्ती आहे, तिथे सात नावाचा यक्ष त्याचे वाहन होतो. मग चार भावांच्या वाटणीचा तंटा. बापाने पुरलेल्या घड्यांत सोने, काळी माती, भुसा आणि हाडे. उज्जयिनीच्या दरबाराला त्याचा उलगडा होत नाही. पोर सांगते, मातीवाल्याला शेत, भुसेवाल्याला धान्य, हाडेवाल्याला गुरे. ही कीर्ती ऐकून राजा चालून येतो. शेषाच्या अमृताने मातीचे सैन्य उभे राहते आणि तो राजा हरतो.

कोणता राजा? शक नव्हे. उज्जयिनीचा विक्रमादित्य.

फलकाने केलेले दोन बदल येथे उघडे पडतात. एक, शत्रू बदलला. मूळ कथेत हा दोन आपल्याच माणसांचा, उत्तरेच्या नि दक्षिणेच्या दोन संवत्सरांचा झगडा आहे. नर्मदेच्या वर विक्रम आणि खाली शालिवाहन असे दोन हिशेब का चालतात, याचे उत्तर लोकांना हवे होते. कथेने ते दिले. विक्रमही पूज्य आणि शालिवाहनही पूज्य, मग भांडण परवडत नाही, म्हणून मधे परकीय आणून बसवला.

यावर कोणी म्हणेल, की उज्जयिनीत खरोखर शकच होते. मान्य. दुसऱ्या शतकात टॉलेमीने पैठणला सातवाहन राजा आणि उज्जयिनीला चष्टन नोंदवला आहे. जुन्या वैराची आठवण नावे बदलून टिकली असेल. पण मग पुढचे पानही वाचा. जुनागडच्या खडकावर चष्टनाचा नातू रुद्रदामा सांगतो, की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा हरवले, पण जवळचा नातलग म्हणून त्याचा नाश केला नाही. 'परकीय शक' सातवाहनांचे सोयरे झाले होते. कान्हेरीच्या लेखात एका सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी आहे.

दुसरा बदल मला अधिक झोंबतो. आई गेली. फलकावर 'कुंभारपुत्र' एवढेच उरते, जणू मुलगा चाकावरून उतरला. विधवा, गर्भार, भावांनी टाकलेली, भांडी घासून पोर वाढवणारी ती बाई शोभायात्रेच्या रथावर बसवणे जड जाते, हे मी समजू शकतो. पण सातवाहनांपुरती तरी आई विसरणे म्हणजे हद्द झाली. हे राजे आईच्या नावाने ओळखले जातात, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. नाणेघाटातील यज्ञांचा लेख नागनिका राणीचा. नाशिकच्या लेण्यातील थोर प्रशस्ती गौतमी बलश्रीने आपल्या गेलेल्या मुलासाठी नातवाच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवली; शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा तिथेच भेटतो, आणि त्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्यालेली आहेत. कथेतल्या आईपाशी मातीचे घोडे, इतिहासातल्या आईपाशी तीन समुद्र पिणारे. दोन्हीकडे आई आहे. फलकावरच तेवढी नाही.

आमच्या गावाला नावे बदलणाऱ्यांचा थोडा अनुभव आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामाने येथे मुबारिजखानाला मारले आणि विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा म्हटले. ते नाव आज इतिहासाच्या पुस्तकात शोधावे लागते. एस.टी.च्या पाटीवर साखरखेर्डाच आहे.

असो. उत्तरपत्रिकेला अखेर मी चार गुण दिले. निकालानंतर ती मुलगी विचारायला आली, तेव्हा मी तिला वरची हकीकत सांगितली आणि घरी आजीला ही गोष्ट येते का, ते विचारून ये म्हणालो. आठ दिवसांनी ती आली. आजीच्या गोष्टीत शत्रूला नाव नव्हते. 'उज्जनीकडचा कोनी' होता. कुंभार होता, नाग होता, घोडे होते. आईचे नाव काय, असे हिने विचारले तेव्हा आजी म्हणाली, "नाव नाही माहीत माय, पन तिचं बायतपन त्या कुंभारनीनंच केलं असन."