चेपॉकचे विस्मृत मानकरी

रणजी करंडक स्पर्धेतील पहिला चेंडू टाकला गेला तो चेन्नईच्या, म्हणजे तेव्हाच्या मद्रासच्या, चेपॉक मैदानावर. तारीख होती ४ नोव्हेंबर १९३४. मद्रास विरुद्ध म्हैसूर अशा त्या सामन्यात एम. जे. गोपालन यांनी पहिला चेंडू टाकला आणि एन. कर्टिस यांनी तो खेळला. सामना एकाच दिवसात संपला. मद्रासने एक डाव आणि २३ धावांनी विजय मिळवला आणि म्हैसूरचे अकरा गडी एकट्या ए. जी. राम सिंग यांनी बाद केले. देशातील सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धेचा आरंभ ज्यांच्या हातून झाला, त्या या दोघांची नावे आज किती क्रिकेटरसिकांना ठाऊक असतील?

हा प्रश्न केवळ स्मरणरंजनाचा नाही. ज्या देशात क्रिकेटवर एवढे बोलले आणि लिहिले जाते, त्या देशात खेळाडूची योग्यता मोजण्याचे माप मात्र एकच होऊन बसले आहे, ते म्हणजे कसोटी सामन्यांची संख्या. या मापाने राम सिंग यांच्या नावापुढे शून्य येते. अमृतसरहून आलेले हे शीख कुटुंब मद्रासचेच होऊन गेले. डावखुरे फिरकी गोलंदाज आणि उत्तम फलंदाज असलेले राम सिंग अधिकृत कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. त्यांचे पुत्र कृपाल सिंग आणि मिल्खा सिंग हे दोघेही पुढे भारताकडून खेळले. कृपाल सिंग यांनी तर १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्याच कसोटीत नाबाद शतक झळकावले. घरातील शिकवणीचे मोल पुत्रांच्या नावावर जमा झाले. शिकवणारा मात्र नोंदवहीच्या बाहेरच राहिला.

गोपालन यांची कथा याहून हृद्य आहे. क्रिकेट आणि हॉकी या दोन्ही खेळांत ते देशातील अग्रगण्य खेळाडू होते. १९३६ मध्ये त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, एक हॉकी संघाबरोबर बर्लिन ऑलिंपिकला जाण्याची आणि दुसरी क्रिकेट संघाबरोबर इंग्लंडला. त्यांनी क्रिकेट निवडले. हॉकी संघाने बर्लिनमध्ये सुवर्णपदक जिंकले. इंग्लंडमध्ये गोपालन यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. त्यापूर्वी १९३४ मध्ये कलकत्त्याला खेळलेली एकमेव कसोटी हीच त्यांची आंतरराष्ट्रीय कमाई ठरली. मद्रास आणि सिलोन यांच्यात १९५२-५३ पासून सुरू झालेल्या सामन्यांच्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले, ही गोष्ट मद्रासकरांच्या कृतज्ञतेची साक्ष देते.

चेपॉकच्या या परंपरेतील सर्वांत लक्षणीय नाव म्हणजे लेगस्पिनर वामन विश्वनाथ कुमार. १९६१ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध पदार्पणाच्या डावातच त्यांनी पाच बळी घेतले; संपूर्ण सामन्यात सात. त्याच वर्षी मुंबईत इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत त्यांना बळी मिळाला नाही आणि त्यांची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. त्यानंतर दीड दशक ते मद्रास आणि पुढे तमिळनाडूसाठी गोलंदाजी करीत राहिले. प्रथम श्रेणीतील त्यांच्या बळींची संख्या ५९९ आहे. दोन कसोटी आणि पाचशे नव्व्याण्णव बळी, हे दोन आकडे शेजारी ठेवले की वेगळ्या भाष्याची गरज उरत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी पद्माकर शिवलकर आठवल्याखेरीज राहणार नाहीत, आणि त्यांच्या आयुष्यातील एक सर्वोच्च क्षणही चेपॉकवरचाच आहे. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबई आणि तमिळनाडू समोरासमोर आले. खेळपट्टी फिरकीला इतकी अनुकूल होती की वेंकटराघवन आणि कुमार यांच्यासमोर मुंबईला १५१ आणि ११३ धावाच करता आल्या. परंतु तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच बळी घेतले. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबईने सलग पंधरावे अजिंक्यपद मिळवले. त्या मैदानावर एका बाजूला दोन कसोटींवर थांबलेले कुमार होते, तर दुसऱ्या बाजूला एकही कसोटी न लाभलेले शिवलकर. तरीही भारतातील फिरकीचे सर्वोत्तम दर्शन त्या दोन दिवसांत प्रेक्षकांना घडले.

अशा खेळाडूंचा उल्लेख होताच ‘दुर्दैवी’ हे विशेषण हटकून वापरले जाते. त्यात सहानुभूती असली, तरी न्याय नाही. शिवलकर आणि हरियाणाचे राजिंदर गोयल ज्या काळात खेळले, त्या काळात बिशनसिंग बेदी संघात होते. निवड समितीला अकराच खेळाडू निवडावे लागतात आणि बेदींना वगळा, असे कोणीही म्हणणार नाही. निवडीला अकरांची मर्यादा असते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु स्मरणाला अशी कोणती मर्यादा आहे? संघात जागा नव्हती, हे कारण समजण्यासारखे आहे. इतिहासातही जागा नाही, याला मात्र कोणतेही कारण देता येत नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कसोटीपटू आकाशातून पडत नाहीत. शिवलकर, गोयल आणि कुमार यांना देशांतर्गत सामन्यांत वर्षानुवर्षे तोंड देतच त्या पिढीचे फलंदाज घडले. सुनील गावस्कर यांनी १९८३ च्या आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात गोयल आणि शिवलकर यांना स्थान दिले, ते याच जाणिवेतून. ज्यांनी त्यांना खेळून पाहिले, त्यांना त्यांची किंमत ठाऊक होती. १९८७-८८ मध्ये तमिळनाडूला तेहतीस वर्षांनंतर रणजी करंडक मिळवून देणारे कर्णधार एस. वासुदेवन भारताकडून कधी खेळले नाहीत; शैलीदार फलंदाज टी. ई. श्रीनिवासन यांना १९८१ मध्ये ऑकलंडला मिळालेली एकच कसोटी पुरेशी मानावी लागली. राष्ट्रीय संघाची इमारत अशा अनेकांच्या खांद्यांवर उभी असते.

या काळातील बहुतेक खेळाडूंना खेळातून उदरनिर्वाह करणे शक्य नव्हते. बँका, रेल्वे आणि सार्वजनिक उपक्रमांनी त्यांना नोकरी दिली, म्हणून ते खेळू शकले. अजित वाडेकर आणि गुंडप्पा विश्वनाथ हे स्टेट बँकेत होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्याबरोबर बँकांच्या संघांतून खेळलेले आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसलेले कितीतरी खेळाडू ग्राहकांच्या परिचयाचे असूनही खेळाडू म्हणून अपरिचित राहिले.

क्रिकेट मंडळाने या उपेक्षेची अंशतः दखल घेतली आहे. २०१२ मध्ये माजी कसोटीपटूंबरोबरच प्रथम श्रेणीतील खेळाडूंनाही एकरकमी गौरवनिधी देण्यात आला. मार्च २०१७ मध्ये गोयल आणि शिवलकर यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार, तर कुमार यांना विशेष पुरस्कार देण्यात आला. हे स्वागतार्ह आहे. मात्र गोयल २०२० मध्ये आणि शिवलकर मार्च २०२५ मध्ये आपल्यातून गेले. कृतज्ञता उशिरा पोहोचली तर ती स्वीकारायला माणूस उरत नाही, याची खूणगाठ यापुढे तरी बांधावयास हवी.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. राज्य संघटना, क्लब आणि संस्थांकडे जुन्या धावपुस्तिका, छायाचित्रे, कात्रणे पडून असतात. ती जतन करता येतील. हयात खेळाडूंच्या आठवणी ध्वनिमुद्रित करता येतील. बँकांच्या क्रीडा विभागांनी आपल्या निवृत्त खेळाडूंची साधी सूची सिद्ध केली, तरी एका पिढीचा इतिहास हाती लागेल. आणि ज्यांनी चेपॉकच्या सावलीत किंवा शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून हे खेळाडू पाहिले, त्यांनी आपल्या नातवंडांना त्यांची नावे सांगावीत. हिशेबाच्या वहीत लहान रकमेची नोंद राहिली, तरी ताळेबंद जुळत नाही. भारतीय क्रिकेटच्या वहीत तर अशा नोंदी अजून कितीतरी राहिल्या आहेत.