पडवीतली जुनी गाडी भंगारात घालू नका

नगर जिल्ह्यात वाड्याच्या पडवीत, गोठ्यामागे, बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली अजून कितीतरी गाड्या उभ्या आहेत. आजोबांची फियाट, लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप, क्वचित एखादी स्टँडर्ड हेरल्ड. लूना तर एकेकाळी घरोघर होती. दिवाळीची साफसफाई निघाली की भंगारवाला येतो, वजनावर भाव सांगतो आणि गाडी ट्रॉलीत चढते. आपल्या दारातली अशी गाडी थांबवा, ही विनंती करण्यासाठी हे लिहीत आहे.

बरेच लोक गाडी देऊन टाकतात ते एका गैरसमजापायी. पंधरा वर्षं झाली की गाडी मोडीत काढावीच लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. तशी बंदी दिल्लीच्या परिसरासाठी आली, तिच्या बातम्या आपल्याकडे पोचल्या आणि लोक घाबरले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, पण परिवहन कार्यालयात तपासणी करून घेतली की ती पुढे 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी असली पाहिजे, ही मुख्य अट.

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी तर 2021 पासून वेगळा नियमच आहे. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं होऊन गेलेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ स्वरूपात असेल, तर तिची व्हिंटेज वाहन म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार, पुढच्या नोंदणीचं 5 हजार, आणि मुदत 10 वर्षं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची.

या नियमातले ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द पाठ करून ठेवा. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. हौसेपोटी जुन्या फियाटमध्ये दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवणं, जीपचा पत्रा कापून तिला भलतंच रूप देणं, यानं गाडीची किंमतही जाते आणि ही सवलतही. मिस्त्रीनं काढलेला प्रत्येक जुना भाग, मोडका असला तरी, पिशवीत घालून चिठ्ठी लावून घरी आणा. नवा भाग घडवताना टर्नरला नमुना म्हणून तोच लागतो.

आपल्या जिल्ह्याला एक फायदा आहे. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सोडला तर इथे पाऊस बेताचा आणि हवा कोरडी. मुंबईत किंवा कोकणात वीस वर्षं उभी राहिलेली गाडी खालून पार खाल्लेली निघते, तर आपल्याकडे तेवढ्याच वर्षांनी पत्रा बराचसा शाबूत सापडतो. तरीही खात्री करा. एक लोहचुंबक घ्या आणि दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, फूटबोर्ड यांवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे.

फियाट 1100 आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी यांना वेगळी चॅसिस नसते, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे फूटबोर्डाखालचा पत्रा सडला असेल तर आधी तो कापून नवा जोडायचा. हेरल्डचं उलट आहे. तिला स्वतंत्र चॅसिस असते, वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर बसवलेली असते, आणि बॉनेट उघडलं की पुढचा सगळा भागच वर उचलला जातो. छोट्या गॅरेजात उलगडून पुन्हा जोडायला हिच्यासारखी सोयीची गाडी नाही. ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्लंडची नावाजलेली स्पोर्ट्स कार याच हेरल्डच्या चॅसिसवरून बेतलेली आहे. त्यामुळे स्पिटफायर दुरुस्त करणाऱ्या इंग्लिश कारागिरांचं ज्ञान आणि काही सुटे भाग मद्रासला बनलेल्या आपल्या हेरल्डच्याही कामी येतात.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला धक्का मारून सुरू करू नका. पाहुणे जमतात, पोरं उत्साहात येतात, गाडी गिअरमध्ये टाकून ढकलतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, त्या तिथेच तुटतात आणि बोअरवर ओरखडे जातात. स्पार्क प्लग काढून भोकांतून तेल सोडावं, काही दिवस मुरू द्यावं, मग इंजिन हातानं हळूहळू फिरवावं. फिरलं तर तुमचं नशीब चांगलं. नाही फिरलं तर हेड उघडा. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवणं हे नगरच्या कारागिरांना नवीन काम नाही. लूनासारख्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे ऑइल सील आधी बदला. ते कडक झाले की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो.

सगळ्यात आधी मात्र ब्रेक. गाडी चालू व्हायच्या आत ती थांबली पाहिजे. जुन्या फियाटला ब्रेकची एकच लाइन असते, एक रबर फुटलं की चारही चाकं मोकळी. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, होज पाइप सगळे नवे घाला. इथे मूळपणाचा हट्ट धरू नका.

पेट्रोलचंही सांगायला हवं, कारण या जिल्ह्यात तो घरचाच विषय आहे. प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि आज जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून इथेनॉल बाहेर पडतं. शेतकऱ्याच्या उसाला त्याचा आधार आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. पण 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल साठ वर्षांपूर्वीच्या गाडीसाठी केलेलं नव्हतं. ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून टाकी आतून गंजवतं. इंधनाच्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घाला. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करा.

रंग शेवटी. गाडी चकचकीत झालेली पाहण्याची घाई असते म्हणून लोक आधी डेंटिंग-पेंटिंग करून घेतात. मग इंजिन काढता-घालताना पाने लागून तोच रंग खरवडतो आणि पैसे दोनदा जातात.

आता मिस्त्रीबद्दल. कानानं कार्ब्युरेटर लावणारे, फाइलनं पॉइंट घासून गॅप बरोबर करणारे हात आता म्हातारे झालेत. त्यांच्या हाताखाली पोरं नाहीत, कारण नव्या गाडीत भाग बदलतात, दुरुस्त करत नाहीत. अशा माणसाला काम देताना घासाघीस करू नका. सगळे पैसे आगाऊही देऊ नका, नाहीतर गाडी उलगडलेली पडून राहते आणि बोल्ट हरवतात. टप्पा ठरवा, टप्पा झाला की लगेच पैसे द्या. दर आठवड्याला गॅरेजवर जा, फोटो काढा. शक्य असेल तर आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकणारा घरातला किंवा शेजारचा मुलगा सोबत न्या आणि त्याला हात काळे करू द्या.

हे काम नगरला परकं नाही. वाहन संशोधनाची लष्करी संस्था, व्हीआरडीई, इथेच आहे. 1994 साली उभ्या राहिलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती गाडी आजही पाहायला मिळते. लष्करातून निवृत्त झालेले कारागीर आपल्यातच राहतात. आणि लूना तर फिरोदियांच्या कायनेटिकनं नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात बनवली. सत्तरच्या दशकातल्या त्या पहिल्या लूना आता पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. म्हणजे ज्या गाडीला आपण भंगार म्हणतो ती सरकारी व्याख्येनं व्हिंटेज होते आहे, आणि ती आपल्या गावात बनलेली आहे. ती इथल्या लोकांनी जपली नाही तर कोण जपणार?

तेव्हा येत्या सुट्टीत ताडपत्री काढा. ट्रंकेतलं आरसी बुक शोधा, त्यावरची पहिल्या नोंदणीची तारीख आणि चॅसिसवरचा नंबर जुळतो का ते पाहा. नोंदणी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करून घ्या. हे सगळं होईपर्यंत भंगारवाल्याला परत पाठवा.