विजेने वाढणारी स्मरणशक्ती आणि न वाढणाऱ्या जागा

देवळी तालुक्यातील एक परिचित शेतकरी परवा आपल्या बारावीतल्या मुलाला घेऊन घरी आले. मुलाने मोबाइलवर एका उपकरणाची जाहिरात दाखविली. कपाळाला पट्टा बांधून रोज वीस मिनिटे मंद विद्युत्प्रवाह घेतला की एकाग्रता व स्मरणशक्ती वाढते, असा दावा होता. वडिलांचा प्रश्न साधा होता : "सर, हे खरं असते काय जी?" प्रश्न मेंदूविज्ञानाचा आहे, पण जिथे पैसा आणि स्पर्धा आहे तिथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने तोंड घालणे अगदीच गैर ठरू नये.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मनोरुग्णांना देतात तो 'शॉक' म्हणजे हा नव्हे. त्या उपचारात शेकडो मिलिअँपिअरचा प्रवाह देऊन मेंदूत नियंत्रित आकडी आणली जाते. येथे प्रवाह एक-दोन मिलिअँपिअरचा असतो. तो मज्जापेशींना चेतवीत नाही. त्यांची चेतविली जाण्याची तयारी तेवढी किंचित कमीअधिक करतो. २००० साली जर्मनीतील गटिंगेन येथे नित्शे व पाउलुस यांनी हा परिणाम दाखवून दिला आणि या तंत्राचा अभ्यास जगभर सुरू झाला. आपल्याकडे बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ऐकू येणारे आवाजांचे भास कमी करण्यासाठी त्याचा उपयोग करण्यात आला आहे. तेव्हा डोळे बांधून मुलांना वाचायला लावणाऱ्या 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या वर्गांच्या पंक्तीस त्याला बसविणे अन्यायाचे होईल.

परंतु रुग्णाला जे उपकारक ते निरोगी विद्यार्थ्यालाही उपकारक, हे ओघाने येत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१५ साली उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा निरोगी प्रौढांच्या बौद्धिक कामगिरीवर एका बैठकीचा भरवशाचा परिणाम त्यांना आढळला नाही. उलट, २०२२ साली बोस्टन विद्यापीठात ६५ ते ८८ वयाच्या माणसांना चार दिवस, रोज वीस मिनिटे, निराळ्या प्रकारचा उलटसुलट प्रवाह दिला असता त्यांची स्मृती सुधारली व ती सुधारणा महिनाभर टिकली. त्यातही ज्यांची बौद्धिक क्षमता मुळात कमी होती त्यांना अधिक लाभ झाला. म्हणजे या तंत्राचे खरे हक्कदार विसराळू होत चाललेले वृद्ध असावेत. जाहिरात मात्र सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पोहोचते.

मला सर्वांत बोलका वाटला तो ऑक्सफर्डमधील २०१३ चा प्रयोग. नव्या अंकचिन्हांची ओळख करून घेणाऱ्या प्रौढांच्या मेंदूच्या एका भागाला प्रवाह दिला, तेव्हा शिकणे जलद झाले, पण शिकलेले सहजगत्या वापरण्याची क्षमता घटली. दुसऱ्या भागाला दिला तेव्हा नेमके उलट घडले. आमच्या शास्त्रात याला 'संधिव्यय' म्हणतात : एक वस्तू मिळविताना जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. मेंदूच्या जमाखर्चातही ही रक्कम कुठूनतरी वळती होत असेल, तर ती कोणत्या खात्यातून गेली हे उपकरणाच्या खोक्यावर लिहिलेले नसते.

पण घटकाभर धरून चालू की यंत्र निर्दोष आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेस २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा त्या वर्षी सव्वा लाखाच्याही आत होत्या. सर्वांची स्मृती पाच टक्क्यांनी वाढली, तर गुण वाढतील, 'कट ऑफ' वाढेल, आणि जागा तेवढ्याच राहतील. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली अशाच स्थानसापेक्ष वस्तूंचा विचार मांडला होता. मिरवणूक पाहताना पुढचा टाचा उंचावतो म्हणून मागचाही उंचावतो. दिसते पूर्वीइतकेच, दुखतात मात्र सगळ्यांचे पाय. शिकवणीच्या बाबतीत हे आपण अनुभवलेच आहे. कापसाच्या पैशातून आधी नागपूरची शिकवणी, मग कोट्याचे वसतिगृह; आता त्याच पैशातून पट्टाही आणायचा.

लक्ष एकाग्र कसे करावे ही चिंता वर्धेकरांना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना निघाली. टकळीवर सूत काढताना मन भरकटले की धागा तुटतो, एवढे साधे यंत्र त्यांना पुरेसे वाटले. ती योजना आपण सोडून दिली. ती जशीच्या तशी परत आणा असे मीही म्हणणार नाही. पण देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. लोहाच्या कमतरतेने लक्ष विचलित होते, हे विजेच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी अधिक खात्रीने सिद्ध झालेले आहे. त्यावरची गोळी शाळेत फुकट मिळते. ती मुलीच्या पोटात जाते की दप्तरात राहते, हे मात्र आपण पाहत नाही.

शासनाने यात एक काम तातडीने करावे. १९४५ च्या औषधविषयक नियमांतील 'जे' अनुसूचीप्रमाणे मेंदूची क्षमता व स्मरणशक्ती वाढविण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अल्पवयीनांना शॉक देण्यास बंदी आहे. अपवाद करायचा तर पालकांच्या संमतीबरोबर मंडळाची पूर्वपरवानगीही लागते. गोळीला जो दावा वर्ज्य, तो डोक्यात वीज सोडणाऱ्या पट्ट्यालाही स्पष्ट शब्दांत वर्ज्य असावा, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी त्याची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज होऊ नये.

देवळीच्या त्या गृहस्थांना मी पट्टा घेऊ नका असे सांगितले. मुलगा रात्री जेमतेम पाच तास झोपतो, असे बोलण्यातून कळले. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच, हे त्याला शिकवणीत कोणी सांगितले नव्हते.