बिल भाडेकरूचे, छत घरमालकाचे. ऊर्जाबचतीचा कायदा भाड्याच्या घराबाहेरच

रायपूर : मे महिन्यात रायपूरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. वरच्या मजल्यावरील भाड्याच्या खोलीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता घरात सोडतो. परिणामी कूलर किंवा एसी अहोरात्र चालवावा लागतो. त्याचे बिल भाडेकरू भरतो. छताला उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप देण्याचा निर्णय मात्र घरमालकाच्या हाती असतो. खर्च एकाने करायचा आणि बचत दुसऱ्याची व्हायची, ही विसंगती दूर करणारा नियम आपल्याकडे अद्याप नाही.

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून अमलात आली. तिने निवासी इमारतींनाही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आणले; परंतु त्यासाठी १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी ही मर्यादा आहे. डिसेंबर २०१८ मधील ‘इको-निवास संहिता’ भिंती, छत व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचे निकष ठरवते, तीही प्रामुख्याने नव्या बांधकामांसाठी. दोन-तीन बिऱ्हाडांना भाड्याने दिलेले जुने दुमजली घर या दोन्ही चौकटींत बसत नाही.

भाडेविषयक कायद्यांतही हा विचार आढळत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या अनुसूचीत भिंतींची सफेदी, नळजोडणी आणि विजेच्या तारा बदलणे ही कामे घरमालकाकडे, तर स्विच व सॉकेटची दुरुस्ती भाडेकरूकडे सोपवली आहे. छतातून येणाऱ्या उष्णतेची जबाबदारी कोणाची, याचा उल्लेख त्यात नाही.

सरकारी सवलतीही घराच्या मालकीभोवती फिरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. मात्र अर्जदाराच्या मालकीचे घर आणि योग्य छत आवश्यक आहे. छत्तीसगडमध्ये २०१९ पासून ४०० युनिटपर्यंत निम्मे वीजबिल माफ होत असे. २०२५ मध्ये ही मर्यादा आधी १०० युनिटवर आणली गेली आणि नंतर २०० पर्यंत वाढवण्यात आली. सवलत वीजजोडणीनुसार मिळत असल्याने एका मीटरवर अनेक बिऱ्हाडे असतील, तर मर्यादा लवकर ओलांडली जाते. घरमालक उपमीटर लावून ठरावीक दराने पैसे घेत असेल, तर मिळालेली सवलतही भाडेकरूपर्यंत पोहोचेलच असे नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या आणि एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरारांसाठी घराला किमान ‘ई’ ऊर्जा श्रेणी असणे बंधनकारक आहे. काही अपवाद वगळता त्याखालील घर भाड्याने देता येत नाही. फ्रान्सने जानेवारी २०२५ पासून ‘जी’ या सर्वांत खालच्या श्रेणीतील घरांचे नवे भाडेकरार रोखले.

हा नमुना रायपुरात जसाच्या तसा आणणे उचित ठरणार नाही. येथे अनेक घरमालक निवृत्तिवेतन आणि एक-दोन खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणारे आहेत. सक्तीचा खर्च भाड्यातून वसूल झाला, तर बचतीच्या नावाखाली भाडेकरूवरच नवा भार पडेल.

म्हणून सुरुवात करारापासून व्हावी. मागील बारा महिन्यांची वीजबिले दाखवणे, घरमालकाने पुरवलेल्या पंखा-एसीची तारांकित श्रेणी नोंदवणे आणि उपमीटरचा दर वीज कंपनीच्या दरापेक्षा अधिक नसणे, या तीन अटींसाठी मोठा निधी लागत नाही. छताच्या लेपासाठी अनुदान द्यायचे झाल्यास ठरावीक काळ भाडेवाढ न करण्याची अट त्यास जोडता येईल. संहितेची भारमर्यादा कमी करण्याचा अधिकार केंद्रीय कायद्याने राज्यांना दिलेलाच आहे. तो वापरला, तरी त्याचा लाभ उद्याच्या इमारतींना होईल. आज तापणाऱ्या खोल्यांसाठी भाडे कायद्यातच बदल करावा लागेल.