एकच नागरिकत्व, पण बंदूक?

अमेरिकेतील माणूस एकाच वेळी दोन घरचा नागरिक असतो. देशाचा आणि आपल्या राज्याचा. शस्त्र बाळगण्याचा हक्क तेथे १७९१ सालीच घटनेत आला, परंतु तो राज्यांनाही बांधतो काय, याचा निकाल लागायला २०१० साल उजाडावे लागले!

आपल्याकडे ही भानगड नाही. आपले नागरिकत्व एकच, आणि शस्त्रे हा विषय केंद्राच्या यादीतला. कळवणचा शेतकरी असो वा कोलकात्याचा वकील, १९५९ चा शस्त्र कायदा दोघांनाही सारखा. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी, तरी परवान्याचा अर्ज करावाच लागतो. १९३१ च्या कराची काँग्रेसने शस्त्राचा हक्क मागितला होता, हे खरे. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा असे सुचविले. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. वाटेल त्याने बाजारातून वाटेल ते शस्त्र आणले तर राज्य चालायचे कसे, असा त्यांचा सवाल होता. मला तो पटतो.

मात्र या समानतेला एक अपवाद आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडवा जातीच्या माणसाला आणि तेथील ‘जम्मा’ जमीनधारकाला बंदुकीसाठी परवाना लागत नाही. ही सूट कोणी दिली? १८६१ साली इंग्रजांनी. आणि कशासाठी, तर निष्ठेबद्दल! त्याच सुमारास आमच्या नाशिक जिल्ह्यात काय चालले होते? भागोजी नाईकांच्या मागे जाऊन भिल्ल इंग्रजांशी झुंजत होते. १८५७ च्या ऑक्टोबरात नांदूर शिंगोट्याला लढाई झाली आणि १८५९ साली भागोजी पडले. सरकारशी लढलेल्यांच्या नातवंडांनी परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि सरकारशी इमान राखल्याचे बक्षीस मात्र प्रजासत्ताकातही चालू ठेवायचे, हा कुठला न्याय?

कोडवांच्या शौर्याविषयी शंका नाही. जनरल करिअप्पा आणि थिमय्या त्यांच्यातलेच. बंदूक ही त्यांच्या सणाची, पूजेची वस्तू आहे असेही सांगतात. पूजा तर आम्हीही दसऱ्याला कोयत्या-विळ्याची करतो! २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ही सूट वैध ठरविली, म्हणजे ती कायद्यात बसते. पण कायद्यात बसणे निराळे आणि एकाच देशाच्या नागरिकांत जन्मावरून भेद करणे शोभणे निराळे. कोडगूच्या मळ्यांत हत्ती आणि रानडुकरे शिरतात, तेव्हा तेथील शेतकऱ्याला बंदुकीची गरज असेल. ती त्याने आमच्यासारखीच अर्जात लिहावी.

केंद्र सरकारने २०१९ साली ही सूट दहा वर्षांनी वाढविली. २०२९ साली ती पुन्हा वाढविण्याचा प्रश्न येईल, तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या खासदारांनी संसदेत उभे राहून तिचे कारण विचारावे.