आयुर्विमा : बचत की संरक्षण?

खरीप हंगामात पीकविम्याचा अर्ज भरण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील सेवा केंद्रांपुढे ज्या रांगा लागतात, त्या पाहिल्यावर विम्याचे तत्त्व आपल्या लोकांना समजत नाही असे कोणी म्हणणार नाही. २०२३ च्या खरिपापासून हा विमा एका रुपयात मिळू लागला होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत संपली आणि शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता पुन्हा त्याच्याकडे आला. सोयाबीन आणि कपाशी पावसावर अवलंबून, तेव्हा आधी तरतूद करावी, हे चिखलीपासून संग्रामपूरपर्यंत सर्वांना पटलेले आहे. मात्र ज्याच्या मिळकतीवर शेत आणि घर दोन्ही चालते, त्या माणसाच्या आयुष्याचे काय, असे विचारले की कपाटातील एखाद्या जुन्या पॉलिसीकडे बोट दाखविले जाते. ती किती रकमेची, कोणत्या प्रकारची आणि कोणाच्या नावे, हे घरात सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

आपल्याकडील नोकरदाराची स्थिती मोठ्या शहरांतील नोकरदारापेक्षा वेगळी आहे. मेहकर वा मलकापूरच्या शाळेतील शिक्षकाच्या पगारावर केवळ त्याची पत्नी आणि मुले अवलंबून नसतात. गावाकडील आईवडिलांचे औषधपाणी, भावाच्या शेतातील बी-बियाणे, बहिणीच्या लग्नाचे कर्ज यांचा भारही त्याच पगारावर असतो. शिवाय पतसंस्थेत तो एखाद्या सहकाऱ्याला जामीन राहिलेला असतो, आणि तो सहकारी त्याला. अशा एका मिळकतीचा झरा अकाली आटला, तर एक नव्हे, दोन-तीन घरे कोरडी पडतात. आयुर्विम्याचा विचार येथून सुरू व्हावयास हवा.

तो येथून सुरू होत नाही, याला इतिहास कारणीभूत आहे. तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय जाहीर केला आणि देशी कंपन्या, परदेशी कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ विमासंस्थांचा कारभार एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. विमेदाराचा पैसा सुरक्षित राहावा आणि विमा खेड्यापर्यंत पोहोचावा, हे दोन हेतू त्यामागे होते. महामंडळाच्या विमापत्रांना केंद्र सरकारची हमी असल्याने पहिला हेतू साधला. दुसराही बऱ्याच अंशी साधला. मात्र खेड्यात जो पोहोचला तो मुख्यतः बचतीचा विमा होता. ज्या काळी तालुक्याबाहेर बँकेची शाखा दिसत नसे, त्या काळी घरी येऊन हप्त्याची आठवण करून देणारा विमा प्रतिनिधी हाच सामान्य माणसाचा बँकर होता. मुदत संपताच बोनससह रक्कम देणारी एंडोमेंट पॉलिसी आणि ठरावीक वर्षांनी पैसे परत करणारी मनी बॅक पॉलिसी त्या काळाला शोभणाऱ्या होत्या. अनेकांचे घर आणि मुलींची लग्ने त्यांतूनच झाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु काळ बदलला. सरळ हिशेब मांडू. तिशीतील एका लिपिकाने पाच लाखांची, वीस वर्षांची एंडोमेंट पॉलिसी घेतली, तर वार्षिक हप्ता पंचवीस हजारांच्या आसपास पडतो. वीस वर्षांनी बोनस धरून नऊ लाखांच्या आगेमागे रक्कम हाती येते. पण पाचव्याच वर्षी त्याचे बरेवाईट झाले, तर पत्नीच्या हाती पाच लाख आणि थोडा बोनस पडेल. याच्या उलट, निव्वळ मृत्यूची जोखीम सांभाळणारा मुदती विमा, ज्याला बाजारात टर्म इन्शुरन्स म्हणतात, त्याच वयाच्या निर्व्यसनी माणसाला पन्नास लाखांसाठी सामान्यतः वर्षाला दहा हजारांच्या आत मिळतो. उरलेले पंधरा हजार त्याने दरवर्षी सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत टाकले, तर ७.१ टक्के दराने वीस वर्षांत साडेसहा लाखांवर रक्कम साठते. म्हणजे जगला तर अडीच लाख कमी, आणि न जगला तर कुटुंबाला दसपट आधार. या दोन पारड्यांतील कोणते जड, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तोलल्याशिवाय ठरवू नये.

‘मुदती विम्यात काही झाले नाही, तर पैसे बुडतात,’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. वर्षभर घराला आग लागली नाही म्हणून आगीच्या विम्याचा हप्ता बुडाला असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सक्ती नसेल तर बचत होत नाही, उरलेले पंधरा हजार सणावारात उडून जातात. हे खरे आहे. ज्याला स्वतःचा भरवसा नाही त्याने एंडोमेंट जरूर घ्यावी. पण मुदती विमा घेतल्यानंतर, त्याच्याऐवजी नव्हे.

करबचतीचे कारणही आता पूर्वीसारखे उरलेले नाही. मार्च महिना आला की घाईघाईने पॉलिसी काढण्याची प्रथा शाळा-कचेऱ्यांतून रूढ होती. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ मानली जाऊ लागली आणि तीत विमाहप्त्याची वजावट नाही. त्याच प्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या पगारदाराला आयकर भरावा लागत नाही. जो कर द्यावयाचाच नाही, तो वाचविण्यासाठी वीस वर्षांचे बंधन पत्करण्यात शहाणपण कोणते? उलट, वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, ही संधी ध्यानात घ्यावी.

सर्वांनीच विमा उतरवावा असे मात्र नाही. ज्या विद्यार्थ्यावर कोणी अवलंबून नाही, त्याला घाई नाही. शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार असतील, तर तेवढ्या रकमेचा विमा अवश्य असावा. मुले मार्गी लागलेल्या सेवानिवृत्ताला तो बहुधा अनावश्यक आहे. खरी निकड आहे ती विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला, कंत्राटी लिपिकाला; कारण त्यांच्यामागे निवृत्तिवेतन नाही आणि कुटुंबनिवृत्तिवेतनही नाही. घरातील स्त्री कमावती असेल, तर तिचा विमाही तितकाच आवश्यक आहे, हे आपल्याकडे सहसा सुचत नाही.

बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून दोन लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवनज्योती योजना १८ ते ५० वर्षे वयाच्या खातेदाराने घ्यावीच. पण महिना पंधरा हजार खर्च असलेल्या घराला दोन लाख तेरा महिने पुरतात, हेही विसरू नये. वीस रुपयांची सुरक्षा विमा योजना तर केवळ अपघातापुरती आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बसला आग लागून २५ प्रवासी दगावले, तेव्हा जिल्हा हादरला. परंतु हृदयविकाराने वा कर्करोगाने जाणाऱ्यांच्या बातम्या होत नाहीत, आणि अपघात विमा त्यांच्या कुटुंबाला काही देत नाही.

रक्कम ठरविताना वार्षिक मिळकतीच्या दहा ते पंधरा पट आणि वर डोक्यावरील कर्ज, असा ढोबळ हिशेब धरावा. अर्ज स्वतः वाचून भरावा. प्रतिनिधी नात्यातला असला, तरी कोऱ्या अर्जावर सही करू नये. खर्रा-तंबाखूची सवय, रक्तदाब, मधुमेह लपवू नये; पहिल्या तीन वर्षांत अशा लपवाछपवीवरून दावा नाकारला जाऊ शकतो, आणि त्याचा जाब विधवेला द्यावा लागतो. विमापत्र हाती आल्यावर पसंत नसेल, तर ते परत करण्यास तीस दिवसांची मुदत असते.

शेवटी, कर्जाच्या छायेत जगणाऱ्या या जिल्ह्यासाठी एक तरतूद विशेष मोलाची आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यानुसार पतीने पत्नी आणि मुलांच्या हितासाठी विमा घेतला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीचा न्यास ठरते. सावकारांना फसविण्याच्याच हेतूने तो घेतलेला नसेल, तर पतीच्या धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. त्यासाठी विमा घेतानाच तसे लिहून द्यावे लागते, एवढेच. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा आजही फारसा कोणाला ठाऊक नसावा, ही खेदाची गोष्ट आहे. कर्जदाराच्या मागे राहिलेल्या स्त्रीला निदान मुलांच्या शिक्षणाइतका पैसा निर्वेधपणे मिळावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. ती पुरी करणे कर्त्या माणसाच्या हाती आहे, त्याच्या हयातीतच.