कोरड्या गावचा नौकावीर

नदीकाठचा पोहतो आणि डोंगरातला चढतो, असे आपण धरून चालतो. पण जगात याच्या उलटही घडते. युरोपात लिथुआनिया नावाचा एक छोटा देश आहे. सगळा मुलूख सपाट. तेथील सर्वांत उंच टेकडी समुद्रसपाटीपासून अवघी २९४ मीटर. आपले पुणे शहरच जवळपास त्याच्या दुप्पट उंचीवर वसले आहे. तरीही त्या देशाचे खेळाडू बर्फाच्या डोंगरउतारावरून घसरत जाण्याच्या शर्यतीत हिवाळी ऑलिंपिकला उतरतात. घरी डोंगर नाही, तर डोंगर आहे तेथे जाऊन ते शिकतात. असाच एक गडी आपल्या महाराष्ट्रातही निघाला. त्याची हकीगत आज सांगावी असे आम्ही ठरविले आहे.

त्याचे नाव दत्तू बबन भोकनळ. गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. जन्म १९९१ चा. चांदवड म्हणजे दुष्काळी टापू. तेथे पाण्यात नाव चालविणे दूरच, प्यायला हंडाभर पाणी मिळविताना बायाबापड्यांचा दिवस जातो. घरची गरिबी. दत्तू वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जाई, पेट्रोल पंपावरही राबला. २०११ साली वडील गेले आणि थोरला मुलगा म्हणून संसाराचा भार त्याच्या अंगावर आला. पोटापाण्यासाठी तो २०१२ साली सैन्यात भरती झाला.

खेळाडू व्हावे म्हणून तो भरती झाला नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पुण्याजवळ खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये असताना त्याची सहा फुटांवरची उंची आणि कष्टाने कसलेले अंग प्रशिक्षकांच्या नजरेत भरले. त्यांनी त्याला रोइंगकडे वळविले. पुण्याला लष्कराचे रोइंगचे केंद्र आहे. तेथे या कोरड्या गावच्या जवानाच्या हाती वल्ही आली.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून थोडे सांगतो. एकेरी शर्यतीची नाव सुमारे आठ मीटर लांब, पण इतकी अरुंद की जरा तोल गेला तर माणूस पाण्यात. वजन जेमतेम १४ किलो. खेळाडू शर्यतीच्या शेवटाकडे पाठ करून बसतो. बसण्याची जागा चाकांवर पुढेमागे सरकते, आणि खरा जोर हातांपेक्षा पायांचा लागतो. २,००० मीटरचे अंतर सुमारे सात मिनिटांत कापायचे. अशा एका नावेची किंमत काही लाख रुपये. आपल्यासारख्यांच्या घरातले पोर स्वतःच्या पैशाने हा खेळ खेळूच शकत नाही.

सैन्याने नाव दिली, शिकविणारा दिला, पोटभर सकस अन्न दिले. मग काय झाले ते पाहा. अवघ्या चार वर्षांत, एप्रिल २०१६ मध्ये, दक्षिण कोरियातील पात्रता शर्यतीत दत्तूने रौप्यपदक मिळविले आणि रिओ ऑलिंपिकचे तिकीट काढले. त्या वेळी आई डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेली होती. आपला मुलगा कोठे चालला आहे हे तिला उमजण्याच्या स्थितीत ती नव्हती. ते दुःख उरात घेऊन तो रिओला गेला. त्या ऑलिंपिकला गेलेला भारताचा तो एकमेव रोइंगपटू. जगात तेरावा आला.

तेरावा म्हणजे पदक नाही, असे म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. चार वर्षांपूर्वी ज्याने वल्हे धरलेले नव्हते त्याचा हा तेरावा क्रमांक आहे, हे आम्ही विसरू शकत नाही.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत तर त्याची कसोटीच लागली. एकेरीच्या अंतिम शर्यतीत तब्येतीने दगा दिला आणि तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह तो चौघांच्या नावेत बसला आणि ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत भारताला सुवर्णपदक मिळाले. त्यापूर्वी आशियाई स्पर्धेत रोइंगचे सुवर्ण एकदाच, २०१० साली बजरंगलाल ताखर यांनी आणले होते.

एवढे होऊनही २०१९ साली एकेरीची शर्यत अर्ध्यावर सोडल्याचा ठपका ठेवून महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०२० मध्ये ती उठविण्यात आली, आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

वाचकहो, या सर्वांतून आम्हाला एकच गोष्ट दिसते. ताकद आपल्या मुलांच्या अंगात आहे. बंद आहे ते दार. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांना आपले राहते घर गहाण ठेवावे लागले, तेव्हा देशाला कुस्तीचे पदक दिसले. दत्तूसाठी दार सैन्याने उघडले. पण प्रत्येक पोराला असा कोणी भेटतोच असे नाही.

आपल्या इंदापूर तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा. वर उजनीचा एवढा मोठा फुगवटा. चांदवडच्या मानाने आपण पाण्याचे सावकारच. पण आपल्या पोरांना या पाण्याची ओळख आहे ती बुडण्याच्या बातम्यांतून. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटून सहा जीव गेले, ते कोणी विसरलेले नाही. म्हणून पोरांनी आपल्या मनाने पाण्यात उतरू नये. मात्र येथे सुरक्षित पोहण्याचे आणि वल्ही मारण्याचे शिक्षण मिळावे, ही मागणी ग्रामसभेत आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे लेखी करायला काय हरकत आहे?

बावड्याच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणारी पोरे आम्ही पाहतो. त्यांच्या आईवडिलांना दोन गोष्टी सांगतो. एक, सैन्याच्या काही केंद्रांत लहान मुलांसाठी बॉइज स्पोर्ट्स कंपनी असते. शिक्षण, राहणे, खाणे तेथेच होते. शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीही आहेत. त्यांच्या चाचण्यांची चौकशी शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे करा. दोन, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते. कारकुनीत आयुष्य गेल्याने सांगतो, पदक हरवले तरी चालेल, पण कागद जपून ठेवा.

आणि उंच, दांडग्या पोराला "नुसता वाढलाय" असे म्हणून हिणवू नका. मुलींनाही मैदानावरून घरी हाकलू नका. विहीर खोदणाऱ्या पोराच्या अंगात काय आहे, हे कोणी तरी वेळीच ओळखले. आपल्या घरातल्या पोराला आधी आपण ओळखू या.